घानात ज्येष्ठ मिशनरी जोडपं म्हणून जाताय? तयारीपासून परतीपर्यंत

हे लिहिते आहे ते आपल्यातल्या थोड्या जोडप्यांसाठी. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची ही मराठी माणसं. कुणी अमेरिकेत स्थायिक झालेली, कुणी पुण्या-मुंबईच्या शाखांतली. मुलं मार्गी लागली, नोकरी संपली, आता दोघांनी मिळून परदेशी मिशनवर जावं असं मनात आहे, पण तिथे रोज उठून करायचं काय हे कुणी नीट सांगत नाही. तरुण मिशनऱ्यांचा दिनक्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो. ज्येष्ठांचा मात्र ठरलेला असा नसतोच, आणि नवीन जोडपी नेमकी तिथेच गांगरतात. आम्ही दोघं घानात होतो, म्हणून उदाहरणं तिथलीच. देश बदलला तर भाजी, वीज आणि व्हिसा बदलेल, बाकीचं फारसं नाही.

पहिली पायरी: अर्जाच्या आधी घरात बोलून घ्या

ज्येष्ठ जोडप्यासाठी मुख्य अट एवढीच, की घरी सांभाळायला लहान मुलं नसावीत आणि दोघांची तब्येत त्या कामाला पुरेल इतकी बरी असावी. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. परदेशी जायचं तर मोठी मुदत घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिसा, निवासाची कागदपत्रं आणि गावाची ओळख यातच पहिले महिने जातात. सहा महिन्यांत तुम्ही कामाला लागता न लागता तोच बॅगा भरायची वेळ येते.

खर्च आपला आपण करायचा असतो. तरुण मिशनरी दरमहा एक ठरलेली रक्कम भरतात, जोडप्याचा खर्च मात्र जागेप्रमाणे कमीजास्त होतो. घरभाड्याला चर्चने २०११ मध्ये मर्यादा घातली: जोडप्याने महिन्याला जास्तीत जास्त १,४०० डॉलर भरायचे, वरचं चर्च भरतं. अर्ज करताना चालू आकडा बिशपकडून (आपल्या मंडळीच्या प्रमुखाकडून) तपासून घ्या. त्याशिवाय जेवण, औषधं, फोन, इकडच्या घराची देखभाल हे सगळं आहेच. अमेरिकेतल्या जोडप्यांनी एक गोष्ट विसरू नये. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर जवळजवळ उपयोगाचा नाही, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठ मिशनऱ्यांसाठीची वेगळी वैद्यकीय योजना समजून घ्यावी लागते. पुण्याहून जाणार असाल तर बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या तिथे कोणत्या नावाने मिळतात ते डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावानिशी लिहून घ्या.

पैशांपेक्षा अवघड बोलणं नातवंडांचं. तुमच्या माघारी मुलीचं बाळंतपण येऊ शकतं, वडील आजारी पडू शकतात. अशा वेळी परवानगी काढून, स्वखर्चाने थोडे दिवस घरी येता येतं, पण ते गृहीत धरू नये. हे निघण्याआधी मुलांसमोर बोला, नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर नव्हे.

दुसरी पायरी: कामाचा प्रकार निवडा

ज्येष्ठ मिशनरी म्हणजे दारोदार फिरणं, हा समज आधी काढून टाका. बहुतेक जोडप्यांचं काम दुसरंच असतं. मिशनच्या ऑफिसात हिशेब, गाड्या, तरुणांच्या भाड्याच्या खोल्या सांभाळणारी जोडपी असतात. मानवतावादी मदतीची जोडपी पाणी, चाकाच्या खुर्च्या, नवजात बालकांची काळजी असे प्रकल्प बघतात. डॉक्टर-नर्स असाल तर वैद्यकीय सल्लागार, शिक्षक असाल तर सेमिनरी आणि इन्स्टिट्यूट, म्हणजे तरुणांचे धर्मशिक्षणाचे वर्ग. टेंपलमध्ये, म्हणजे खास पवित्र विधींच्या मंदिरात, सेवा देणारी जोडपीही असतात. राजधानी अक्राचं टेंपल ११ जानेवारी २००४ रोजी समर्पित झालं, तिथे अशा जोडप्यांची गरज असते. आणि एक प्रकार म्हणजे सभासद आणि स्थानिक नेत्यांना आधार देणं, म्हणजे लहान शाखांबरोबर राहणं.

अर्जात पसंती लिहिता येते, पण पत्र शेवटी फर्स्ट प्रेसिडेन्सीकडून, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाकडून, येतं आणि ते वेगळंच काही सांगू शकतं. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला ‘आता तरी आकडे नकोत’ असं वाटत असतं आणि त्याच्या वाट्याला नेमकं फायनान्स सेक्रेटरीचं काम येतं. तेव्हा नाराज होऊ नका. ऑफिसचं काम कंटाळवाणं दिसतं, पण तरुण मुलांचं भाडं वेळेवर गेलं नाही तर घरमालक त्यांच्याच दारात उभा राहतो.

तिसरी पायरी: कागद, सुया आणि बॅग

घानात शिरायला पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतंच. भारतातून जाणाऱ्यांनी लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. हे कार्ड परतीलाही लागतं. घानाहून भारतात उतरताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. साठी ओलांडली असेल तर या लसीबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, या वयात ती सरसकट देत नाहीत. मलेरियाची प्रतिबंधक गोळी कोणती हेही डॉक्टरच ठरवतील. तिथे गेल्यावर कंटाळून ती बंद करू नका.

प्रशिक्षण साधारण आठवडाभराचं असतं, विशेष काम असेल तर आणखी काही दिवस. कुणाला ते यूटामधल्या प्रोवोच्या केंद्रात मिळतं, कुणाला ऑनलाइन.

बॅगेत कपडे कमी आणि सुती. दमट हवा आहे, डिसेंबर ते फेब्रुवारीत सहाराकडून हरमटान वारा येतो तेव्हा घरभर धूळ आणि ओठांना भेगा. काळा-लाल असा एखादा पोशाख जरूर न्या. तिथे शनिवारी अंत्यविधी असतात, शाखेतल्या कुणाच्या घरी जावंच लागतं, आणि शोकाचे रंग काळा आणि लाल. साडी नेसावी का, हे मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे त्या भागातल्या मिशनच्या प्रमुखांना, विचारून ठरवा. भारतीय पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा सॉकेट असतो. अॅडॅप्टर जास्तीचे न्या. प्रेशर कुकर आणि त्याची जादा रिंग न्याच.

चौथी पायरी: पहिला आठवडा फक्त घर लावा

उतरल्या उतरल्या काम सुरू करायची घाई होते. नका करू. आधी पाणी, वीज, गॅस, फोन. नळाचं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून घरावर किंवा अंगणात मोठी काळी टाकी असते, तिथे तिला पॉलिटँक म्हणतात. ती किती भरली आहे हे बघायची सवय रोज सकाळची. पिण्याचं पाणी गाळून-उकळून किंवा सीलबंद. रस्त्यावर अर्धा लिटरच्या पिशव्यांत ‘प्युअर वॉटर’ मिळतं. वीज गेली की लोक शांतपणे ‘लाइट ऑफ’ म्हणतात. भारनियमन बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, अमेरिकेत राहून सवय मोडली असेल तर ती परत लावा. इन्व्हर्टर आहे का, जनरेटर कोण चालू करतं, हे पहिल्याच दिवशी घराच्या राखणदाराला विचारून घ्या. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी माहिती त्याच्याकडूनच येणार आहे.

फोनमध्ये स्थानिक सिम घातलं की मोबाइल मनी सुरू करा. बाजारात, टॅक्सीत, खाणावळीत सगळीकडे तेच चालतं. परदेशी रहिवाशांसाठीचं घाना कार्ड मिशन ऑफिस काढून देतं, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः जावं लागतं.

गाडी. घानात १९७४ पासून वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. अमेरिकेतून आलेल्यांना हे सोपं, पुण्याहून आलेल्यांनी पहिले काही दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून रस्ते बघावेत. हायवेवर गाव आलं की अचानक गतिरोधक येतात. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी नेऊ नका. बैठक लांबली तर तिथेच मुक्काम करा.

जेवणाचं काय?

काळजी नको. शेंगदाण्याचं सूप तिथे घरोघरी होतं, चवळी आणि भाताचा ‘वाचे’ सकाळी रस्त्यावर मिळतो, केळ्याचे तळलेले तुकडे आणि पाम तेलातली चवळी म्हणजे ‘रेड-रेड’. कोकोयामची पानं, ज्यांना ते कोन्टोम्रे म्हणतात, अळूसारखी शिजवता येतात, चिंच-गूळ घातला की काम होतं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा तर ढिगाने मिळतो, फुफू त्यातूनच कुटतात. शाकाहारी माणसाने एवढं लक्षात ठेवावं, की ‘यात मटण नाही’ म्हणजे त्यात सुकी मासळी नाही असं नव्हे. शितो नावाच्या काळ्या तिखटात तर सुकट असतेच. स्पष्ट विचारा, कुणी रागावत नाही. तूरडाळ, हिंग, मोहरी अक्रातल्या भारतीय किराणा दुकानांत मिळते. तिथे सिंधी व्यापारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

चहा-कॉफी आपल्या चर्चमध्ये वर्ज्य, हे तुम्ही केव्हाच अंगवळणी पाडलं असेल. तिथे कुणी सकाळी ‘टी’ला बोलावलं तर दचकू नका, बहुतेक वेळा मायलो हे चॉकलेटी पेय पुढे येतं. तरी एकदा विचारून घ्यावं. घरी चहा पावडरीशिवाय गवती चहा-आलं उकळून प्या, सर्दीलाही बरं.

जेवत असलेल्या माणसाजवळून गेलात तर तो म्हणेल, ‘यू आर इन्व्हायटेड.’ हे आपलं ‘या जेवायला’च आहे. हसून आभार मानायचे आणि पुढे जायचं. खरंच बसायचं असेल तर हात धुवून उजव्या हाताने जेवा. डावा हात देणंघेणं, खुणावणं, हात हलवणं यात अजिबात वापरायचा नाही. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, अमेरिकन जोडप्यांना लागतं.

पाचवी पायरी: दिवसाला आकार द्या

तरुण मिशनऱ्यांना साडेसहाला उठून साडेदहाला दिवे मालवण्याचं बंधन असतं. तुम्हाला नाही. घरच्यांना फोन कधीही करता येतो. या मोकळेपणाचा त्रास पहिल्या महिन्यात होतो. मग एक तर माणूस दिवसभर पळत राहतो, नाहीतर नाश्त्यानंतर विचारतो, ‘आता काय?’

आमचा दिवस असा बसत गेला. सकाळी ऊन चढायच्या आत चालणं, मग दोघांनी मिळून शास्त्रवाचन, नाश्ता. साडेनऊच्या सुमारास बाहेर. दुपारी दोन ते चार घरात, कारण त्या उन्हात कुणी तुमची वाट बघत नसतं. संध्याकाळी भेटी, वर्ग, शाखेची बैठक. बुधवारी गाडीची आणि खर्चाची नोंद. दुपारची विश्रांती आळस समजू नका. साठीनंतर तीच तुम्हाला अठरा महिने टिकवते.

रविवारची सभा दोन तासांची. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो, पण शुगर असलेल्यांनी औषधाच्या वेळा मोडून तो करायचा नाही. केप कोस्टच्या बाजूला फान्टे, अक्रात गा आणि ट्वी, व्होल्टाकडे एवे बोलतात, सभेत इंग्रजी मिसळतं. कुठेही गेलात तरी कामाचं बोलायच्या आधी ‘गुड मॉर्निंग’, तब्येत, घरचे. खोलीत अनेक जण बसले असतील तर उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवा. थेट मुद्द्यावर येणारा माणूस तिथे उद्धट ठरतो.

सहावी पायरी: मागे उभं राहायला शिका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट ही. थोडा इतिहास सांगते, कारण त्यातून तुमची जागा कळते.

केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी १९६४ पासून, एकही मिशनरी आलेला नसताना, पुस्तकं वाचून मंडळ्या उभ्या केल्या होत्या. १९७८ च्या जूनमध्ये चर्चने वंशाची अट न ठेवता सर्व पात्र पुरुषांना प्रीस्टहुड, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, खुलं केलं. त्यानंतर त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत पाठवलेले पहिले मिशनरी तरुण नव्हते, दोन ज्येष्ठ जोडपी होती: रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. डिसेंबरमध्ये ते केप कोस्टला पोचले तेव्हा बाप्तिस्म्याची वाट बघणारी माणसं आधीच जमलेली होती. म्हणजे पहिलं जोडपं आलं तेव्हाही पाया दुसऱ्यांनी घातलेला होता.

पुढे १४ जून १९८९ ला सरकारने चर्चच्या कामावर बंदी घातली. परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला, सभागृहांना कुलपं लागली. ३० नोव्हेंबर १९९० ला बंदी उठेपर्यंत लोकांनी घराघरांत प्रार्थना चालवल्या. त्या काळाला तिथले सभासद ‘फ्रीझ’ म्हणतात. ज्या आजीबाई तुमच्या शेजारी बाकावर बसतात त्यांनी तो काळ काढलेला असू शकतो. त्यांना चर्च कसं चालवायचं हे सांगायला आपण गेलेलो नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? शाखेच्या कारकुनाला संगणकावर उपस्थिती भरता येत नसेल तर माउस त्याच्या हातात राहू द्या, तुम्ही शेजारी बसा. तुम्ही स्वतः पाच मिनिटांत भराल आणि तो दर रविवारी तुमची वाट बघेल. बैठकीत तुमचं मत विचारलं तर एकच वाक्य बोला आणि ब्रँच प्रेसिडेंटकडे, म्हणजे शाखाप्रमुखाकडे, बघा. पियानो वाजवता येत असेल तर स्वतः वाजवण्यापेक्षा दोन मुलांना शिकवा. मराठी माणसाला सभा, अहवाल आणि सूचना यांची फार आवड, ती घरी ठेवून जा. तुम्ही गेल्यावर जे बंद पडेल ते सुरूच करू नका.

पैसे मागितले तर

मागितले जातील. शाळेची फी, रुग्णालयाचं बिल, धंद्याला भांडवल. बहुतेक वेळा गरज खरी असते, म्हणून नाही म्हणणं जड जातं. नियम स्पष्ट आहे: मिशनरी स्वतःच्या खिशातून पैसे किंवा उसने देत नाहीत, कुणाला परदेशी न्यायची हमी घेत नाहीत. त्यामागचं कारण तिथे राहिल्यावर पटतं. एका घराला दिलं की शाखेत तुम्ही बँक होता, आणि ब्रँच प्रेसिडेंट, ज्याच्याकडे उपवासदानातून (उपवासानिमित्त सभासद देतात त्या निधीतून) मदत द्यायचा अधिकार आहे, तो बाजूला पडतो. पहिल्या वेळीच शांतपणे सांगा: ‘हे प्रेसिडेंटशी बोलू या, मी बरोबर येतो.’ बरोबर जायचंच, नुसतं पाठवून द्यायचं नाही. घरी केलेली पोळी-भाजी, आजाऱ्याला गाडीतून नेणं, मुलांचा अभ्यास घेणं याला कुणी अडवत नाही.

सातवी पायरी: तरुण मुलंमुली

तुमच्या भागातले तरुण मिशनरी घरापासून पहिल्यांदाच इतके लांब आलेले असतात. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फेरा येतो, कामातला जोडीदार बदलतो, गाव बदलतं. त्यांच्या खोल्या तपासायचं काम बऱ्याचदा ज्येष्ठ जोडप्याकडे असतं. गादी, मच्छरदाणी, पाण्याचा फिल्टर, गॅसची नळी, आणि सिंक. सिंकवरून बाकीचं कळतं. तपासणीला जाताना डब्यात काहीतरी घेऊन जा. रागवायचं असेल तर खाऊन झाल्यावर.

ती तुमच्याकडे जोडीदाराच्या तक्रारी घेऊन येतील. ऐका, निवाडा करू नका, तो मिशन प्रेसिडेंटचा प्रश्न. ताप आला आणि तो ‘साधा’ वाटला तरी मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ही गोष्ट मात्र आग्रहाने.

आठवी पायरी: तुम्ही दोघं

मिशनमध्ये नवराबायको एकमेकांचे कम्पॅनियन असतात, म्हणजे चोवीस तास बरोबर. चाळीस वर्षं संसार झाला तरी सकाळी नऊ ते सहा आपण वेगळे होतो, हे तिथे गेल्यावर लक्षात येतं. आता गाडीतही तोच माणूस, बैठकीतही तोच. बाहेर ‘एल्डर जोशी’, घरात ‘अहो’. कामाची वाटणी करून घ्या आणि दुसऱ्याच्या वाट्यात बोलू नका. ज्याच्याकडे गाडी त्याने रस्ता ठरवावा, जिच्याकडे वर्ग तिने वेळ. दिवसातला एखादा तास दोन वेगळ्या खोल्यांत काढावा. त्यात काही पाप नाही.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा, पी-डे. कपडे, बाजार, घरी फोन. घाना ग्रीनिच वेळेवर चालतं, भारत साडेपाच तास पुढे, तेव्हा पुण्यात आईशी बोलायचं तर दुपारच्या आधी फोन लावा. त्या दिवशी फिरूनही या. केप कोस्टचा किल्ला, जिथून माणसांना गुलाम म्हणून जहाजांत भरत, तिथे एकदा तरी जाच, पण तो दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवा. नंतर लगेच बाजारहाट जमत नाही. मिशनच्या हद्दीबाहेर जायला परवानगी लागते.

परतायच्या दोन महिने आधी

यादी करा: किल्ल्या, गाडीची कागदपत्रं, घराचा करार, मोबाइल मनीतली शिल्लक, तुम्ही करत असलेली कामं आणि ती आता कोण करणार. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर अजून वेळ आहे, त्या माणसाला शेजारी बसवून घ्या. पुढचं जोडपं येईलच अशा भरवशावर काही सोडू नका, कधीकधी मध्ये महिनोन्‌महिने कुणी नसतं. निरोप समारंभ मोठा होईल, कापडं भेट मिळतील, बॅगेत जागा ठेवा.

घरी पोचल्यावर नावाची काळी पट्टी लगेच काढायची नसते. स्टेक प्रेसिडेंटना (आपल्या भागातल्या मंडळ्यांच्या प्रमुखांना) भेटून त्यांनी मुक्त केलं की सेवा संपते. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी सभेत बोलायला सांगतील. दहा मिनिटांत बसवा, आणि नावं शाखेतल्या लोकांची घ्या.